अजून, एव्हाना, इतक्यात

शुद्ध द्वादशी, तिसरा प्रहर

सौ. गृहिणीस अनेक शुभाशीर्वाद.

गेल्या पत्रातले एक वाक्य मी मागे घेतो. लिहिलेले मागे घेण्याची मला सवय नाही, हे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. म्हणून ते पहिल्याच ओळीत उरकतो.

चिमीने लिहिले होते, ‘ग्रँडमा हार्डली स्लीप्स.’ पोरीला आपली भाषा बोलता येते, लिहिता येत नाही. तू सांगावेस, नातीने ते इंग्रजीत उतरवावे आणि मी कोश मांडीवर घेऊन वाचावे, अशी व्यवस्था तूच ठरवलीस. मी कोश उघडला. हार्ड म्हणजे कठीण, घट्ट, पक्के. घट्ट झोप ती गाढ झोप, असा अन्वय लावून मी तुला कळवले की, परमुलखातही तुला गाढ निद्रा लाभते हे वाचून चित्त प्रसन्न झाले.

काल ती ओळ मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवली. त्याच त्या, धक्क्यावर बोटींच्या सूचना देणाऱ्या. त्या जिन्यातच थांबल्या.

“गुरुजी, याला उत्तर टाकलंत?”

“टाकले.”

“पोचलंही असेल?”

“एव्हाना पोचले असावे.”

“अरे देवा! हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. तुमची बायको तिकडे रात्र रात्र डोळ्याला डोळा लावत नाही, आणि तुम्ही इथून तिचं अभिनंदन केलंत!”

आयुष्यभर ज्याने अर्थ सांगून पोट भरले, त्याचा अर्थ असा उलटा पडावा, आणि तोही तुझ्या झोपेच्या बाबतीत!

तुला झोप का येत नाही? उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. दिलेस तर बरे वाटेल.

फोन करावा असे वाटते. पण फोनवर मी तुझे वाक्य पुरे होऊ देत नाही, ही तुझी तक्रार. पत्राला मध्येच तोंड घालता येत नाही, हा त्याचा गुण मी मान्य करतो. तू स्वतःच्या हाताने का लिहीत नाहीस, हे मात्र विचारत नाही. लेक म्हणाली, “आई म्हणते, लिहिलं की ते अक्षरावर लाल खुणा करत बसतील.” मी लाल शाई कित्येक वर्षांत विकत घेतलेली नाही.

‘महिनाभर लेकीकडे राहून येते’ म्हणून गेलीस. तेव्हा अंगणातल्या झाडाला नवी पालवी होती. आता तेच झाड पाने गाळते आहे. वादळी वारे सुरू झाले की या गावाच्या बोटी बंद होतात आणि पालवी फुटेपर्यंत कोणी येत नाही, जात नाही. मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की, बोटी बंद होण्याआधी तू परत येतेस की नाही.

बाईंनी मला हे शब्द शिकवण्याचे कबूल केले आहे. “नामं-क्रियापदं तुमची तुम्ही शिका, गुरुजी. पण हे बारके शब्द माझ्याकडून. माझं सगळं पोट यांच्यावर आहे,” असे त्या म्हणाल्या.

तुझा

—

पौर्णिमा, दुपार

सौ. गृहिणीस शुभाशीर्वाद.

दुपारची बोट गेली की संध्याकाळची येईपर्यंत धक्क्यावर एक पोकळी असते. त्या वेळात मी बाईंच्या काचेच्या खोलीत बसतो. खोली कपाटाएवढी. माईकला लोकरीची टोपी, खिडकीत चहाची किटली, आणि काचेबाहेर नुसते धुके. पाणी कुठे संपते, आकाश कुठे सुरू होते, काही उमगत नाही. माईकसमोर बाईंचा आवाज मधात बुडवलेला. बटण बंद केले की खरखरीत. “गिऱ्हाइकाचा आवाज वेगळा, घरचा वेगळा. नवऱ्याला मधाचा आवाज कधीच मिळाला नाही,” म्हणतात आणि स्वतःच हसतात.

चिमीच्या ताज्या पत्रातल्या दोन ओळी मी त्यांच्यापुढे ठेवल्या. ‘शी स्टिल पुट्स आउट टू कप्स.’ आणि ‘शी हॅजन्ट अनपॅक्ड हर बॅग येट.’

“पहिलीत काय म्हटलंय?” बाईंनी विचारले.

“ती अजून दोन कप मांडते.”

“आणि दुसरीत?”

“तिने अजून बॅग उघडलेली नाही.”

“दोन्हीकडे अजून! तिकडे दोन वेगळे शब्द आहेत, गुरुजी. जे संपायला हवं होतं पण संपत नाही, ते स्टिल. जे व्हायला हवं पण होत नाही, ते येट. बोट अजून धक्क्यालाच आहे, हे स्टिल. बोट अजून आलेली नाही, हे येट. एकात हलायचं नाही आणि दुसऱ्यात पोचायचं नाही.”

मी दिवसभर ते घोळवीत राहिलो. आपण एकाच शब्दाच्या पांघरुणात दोन दुःखे झोपवतो. तू अजून दोन कप मांडतेस. तू अजून बॅग उघडलेली नाहीस. पहिले वाक्य माझ्याकडे पाहते आहे, आणि दुसरे दाराकडे.

मग ‘लवकर’ निघाला. बोट लवकर येईल आणि बोट लवकर आली, यांतही त्यांचे दोन शब्द. बाई म्हणाल्या, “पहिला सून.” मी दचकलो. “तुमची नव्हे हो, इंग्रजीतली! सून म्हटलं की लोक बाकावर बसून राहतात. दुसरा अर्ली. अर्ली म्हटलं की बायका पोरांना काखोटीला मारून धावत सुटतात. एवढाच फरक.”

आमच्या शास्त्रात शब्दाची किंमत करण्याची एक रीत आहे, ती तू पडद्याआडून हजारदा ऐकली असशील; तरी सांगतो, कारण ती मी आता भलत्याच ठिकाणी लावली. एखाद्या लक्षणातला, म्हणजे व्याख्येतला, एकेक शब्द काढून पाहायचा. काढल्यावर काय बिघडते? काहीच बिघडत नसेल, तर तो शब्द भरतीचा. बिघडत असेल, तर तो बिघाड हेच त्या शब्दाचे कार्य. त्याला पदकृत्य म्हणतात.

बाईंच्या शब्दांवर मी ही रीत लावली आणि चकित झालो. ‘अजून’ काढला तरी वाक्य कोसळत नाही. ती दोन कप मांडते. व्यवस्थित वाक्य आहे. कर्ता जागेवर, कर्म जागेवर, क्रिया चालू. फक्त ऐकणाऱ्याला पुढे काय करायचे हे कळेनासे होते; बसून राहायचे की धावायचे.

तुझ्यावाचून हे घर असे चालले आहे. सकाळी पाणी तापते. भात शिजतो, कधी कच्चा, कधी पेज. कपडे वाळतात. चार वाजता सभागृहात माझे पोथीवाचन होते आणि श्रोते डुलक्या घेतात. वाक्य कुठेही मोडलेले नाही. तू म्हणायचीस, “मी नसले तर तुमचं पान हलणार नाही.” पान हलते आहे. आणि त्याचीच मला भीती वाटू लागली आहे.

पहाटे स्वप्न पडले. धुक्यात एक बोट थांबलेली. निघालेलीही नाही, पोचलेलीही नाही. डेकवर तू लोकरीचे काही विणत बसलेली, आणि लोकर माईकच्या टोपीतून उसवत येत होती. मी बाईंना म्हणालो, “सांगा, बोट कुठे आहे?” बाईंनी बटण दाबले. कर्ण्यातून नुसता वाऱ्याचा आवाज आला. त्या स्थितीला त्यांच्याकडेही शब्द नव्हता.

तुझा

—

वद्य पंचमी, सकाळ

गृहिणीस,

चिमीचे पत्र मिळाले. आशीर्वाद लिहावयास हात वळत नाही.

‘शी फायनली अनपॅक्ड हर बॅग. हर क्लोद्स आर ऑलरेडी इन माय कबर्ड.’

आता मी या शब्दांना अपरिचित राहिलो नाही. बाईंकडे जाण्याचीही गरज वाटली नाही. फायनली म्हणजे सरतेशेवटी. पुष्कळ काळ अडून राहिलेली गोष्ट एकदाची पार पडणे. म्हणजे इतके दिवस तुझ्या मनात जे हो-नाही चालले होते, ते संपले. ऑलरेडी म्हणजे आधीच, अपेक्षेच्याही पूर्वी. म्हणजे निर्णय झाला आणि तो झाल्याचे मला कळण्याअगोदरच कपडे कपाटात गेले. सूत्रकार अर्धी मात्रा वाचवता आली तरी पुत्रजन्माचा आनंद मानतात, असे आम्ही शिकलो. ज्याच्या मुखातून उगीच शब्द निघत नाही, त्याच्या शब्दाला दोन अर्थ नसतात. आणि तू तर मितभाषी.

सोबत या दोन शब्दांवरचा माझा विचार स्वतंत्र कागदांवर जोडला आहे. कागद थोडे अधिक झाले.

जे झाले ते एका ऱ्हस्वावरून झाले, असे लोक म्हणतात. माझा घसा बसला होता, तू माझ्या जागी वाचायला बसलीस, श्रोते त्या दिवशी एकही डुलकी न घेता ऐकत होते, आणि मी मागच्या बाकावरून एक चुकलेला ऱ्हस्व दाखवला. एक, किंवा दोन असतील. औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई म्हणतात की, तू मान वर केलीस तेव्हा पान अर्धेसुद्धा झाले नव्हते आणि माझे बोट तोवर वरचेवर उठत होते. त्यांना मोजायला काय जाते? ऱ्हस्व तो ऱ्हस्वच; तो दीर्घ म्हटल्याने दीर्घ होत नाही. तू पोथी फडक्यात बांधलीस, दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालीस, “घ्या. तुमची आहे.” दुसऱ्या दिवशी लेकीला फोन केलास.

अलीकडे तो प्रसंग मला नीट आठवत नाही. तुझा आवाज तेवढा आठवतो, वाचतानाचा.

कपाटात कपडे ठेवताना खाली कागद घातलास ना? परमुलखात दमट हवा फार.

—

पुढच्या महिन्याची वद्य एकादशी, मध्यान्ह

सौ. गृहिणीस अनेक आशीर्वाद.

लेकीचे पत्र आले. तिने ते तुझ्या नकळत लिहिले आहे, तरी मी त्यातला मजकूर तुलाच कळवतो. मुलींनी वडिलांना असे लिहावे काय, हे आईला ठाऊक असावे.

ती लिहिते:

‘बाबा, तुम्ही हद्द केलीत. आईने बॅग रिकामी केली कारण चिमीची शाळेची सहल होती आणि तिला ती बॅग हवी होती! पोरगी आठवडाभर मागे लागली होती, “आजी, रिकामी कर ना,” म्हणून ते फायनली. कपडे माझ्या कपाटात मावेनात, म्हणून चिमीच्या कपाटात. यावर तुम्ही भाष्य लिहिलंत? आईने ते पूर्ण वाचलं. मग चिमीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “घे गं, तुझ्या एका शब्दावर आजोबांनी पुराण रचलंय.” हसत होती की काय, मला कळलं नाही, कारण तोंड फिरवून ओट्याकडे गेली.

‘आणि एक ऐका. आई तुम्हाला काहीही सांगत नाही. प्रत्येक वेळी चिमी कागद घेऊन बसली की आई एवढंच म्हणते, “बरी आहे म्हणून लिही.” बास. बाकीचं सगळं चिमी स्वतःच्या मनाने लिहिते. तिला जे दिसतं ते. बाबा, तुम्ही पोरीच्या शब्दांची चिरफाड करणं सोडा आणि माणसाला विचारा. अमावास्येला तुमच्याकडची शेवटची बोट ना? मग पत्राला वेळ कुठे आहे?’

मी हे पत्र घेऊन धक्क्यावर गेलो. बाईंनी वाचले आणि किटली उतरवली. बाहेर धुक्यात कुठेतरी भोंगा वाजत होता.

“म्हणजे मी इतके दिवस ज्याचे भाष्य केले,” मी म्हणालो, “ते मूळ वचन नव्हतेच.”

“वचन नव्हतं, पण साक्ष होती,” बाई म्हणाल्या. “बायको काय सांगते ते सोडा, गुरुजी. आम्ही बायका ‘बरी आहे’ एवढंच सांगतो. पोरीने काय पाहिलं ते बघा की.”

मी घरी येऊन चिमीची सारी पत्रे खाटेवर मांडली आणि पुन्हा वाचली. या वेळी कोश उघडला नाही. आजी झोपत नाही. आजी दोन कप मांडते. आजी चार वाजता घड्याळ पाहते. आजी समुद्राच्या बातम्या ऐकते आणि वाऱ्याचा आकडा आला की आवाज मोठा करायला सांगते. एवढी वाक्ये माझ्यापुढे होती, आणि मी त्यांतले बारके शब्द चिमट्याने उचलून उजेडात धरत होतो.

शब्द उगीच येत नाही, हा माझा सिद्धान्त होता. पोरीने तो मोडला. ती मीठ टाकावे तसे शब्द टाकते, ‘अॅक्चुअली’ तर प्रत्येक ओळीत. तरी तिचे एकही वाक्य खोटे नाही. माझ्या सबंध भाष्यात मात्र एकही शब्द उगीच नव्हता, आणि ते सगळेच्या सगळे चुकले.

तुला इकडे बोलावणारे पत्र लिहायला बसलो होतो. ‘ये’ एवढेच लिहिले. मग त्या शब्दाकडे पाहत राहिलो. इतक्या वर्षांत मी तुला हा शब्द किती वेळा म्हटला असेल, आणि प्रत्येक वेळी आलीस ती तूच.

ते पत्र पाठवीत नाही. हेही पोहोचेल तेव्हा पोहोचेल.

तुझा

—

अमावास्या, बोटीवर

सौ. गृहिणीस,

तरुणपणी एकदा बोटीत बसलो होतो, तेव्हा सारा वेळ डोळे मिटून होतो. आज उघडे ठेवले आहेत. पण दिसत तेवढेच आहे. पांढरे, संथ, ओलसर. लाकडी बाक, दोरखंडांचे वेटोळे, आणि समोर एक बाई टोपलीत मांजर घेऊन बसली आहे. मांजर माझ्याकडे असे पाहते आहे, जणू माझे वाचन ऐकायला येते.

तिकिटाच्या खिडकीशी बाई माझ्यासोबत आल्या होत्या.

“एकेरी की परतीचं?” खिडकीतल्या माणसाने विचारले.

“परतीचं कुठून देतोस? उद्यापासून बोटी बंद,” बाई त्याच्यावर खेकसल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, “गुरुजी, तिने दार उघडलं नाही तर?”

“लेक उघडेल.”

“लेक उघडेल हो. मी तिच्याबद्दल विचारतेय.”

उत्तर ठाऊक नसताना गप्प राहण्याचा मला सराव नाही. तो आता करतो आहे.

चारच्या वाचनाचे काय, हे तू विचारशील. पोथी निवृत्त पोस्टमनांच्या स्वाधीन केली. ते पहिल्या बाकावर बसतात ना, तेच. ते घाबरले. “अहो, माझे उच्चार म्हणजे आनंदीआनंद आहे. ऱ्हस्व-दीर्घ सगळं एकाच पिशवीत.” मी म्हणालो, “वाचा.” ते म्हणाले, “बरं. पत्त्यावर पोचलं म्हणजे झालं, आमच्या खात्यात एवढंच बघतात.” मालकीणबाईंनी जोरात मान डोलावली. ती मला उद्देशून होती, याबद्दल शंका नको.

बोट सुटताना कर्ण्यातून नेहमीची सूचना आली, दोन्ही भाषांत, मधाच्या आवाजात. मग बटण बंद झाल्याचा आवाज येईना. धुक्यातून तोच कर्णा पुन्हा बोलला, आणि या वेळी आवाज खरखरीत होता.

“सावकाश जा, गुरुजी.”

बाकावरच्या सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. मी मांजराकडे पाहिले.

हे पत्र पलीकडच्या किनाऱ्यावरून पेटीत टाकीन. तिथून पुढे दोन गाड्या आणि एक विमान आहे. लेकीने सगळे फोनवर सांगितले, ते मी लिहून घेतले आहे. पत्र आधी पोहोचते की मी, सांगता येत नाही. मी आधी पोहोचलो, तर हे वाचू नकोस, मीच सांगेन. सांगू शकलो नाही, तर वाच.

—

शुद्ध चतुर्थी, संध्याकाळ. शेजारच्या खोलीतून

सौ. गृहिणीस,

आपल्यामध्ये आता एक भिंत आहे, आणि ती इतकी पातळ आहे की तू बांगडी मागे सारलीस तरी ऐकू येते. तरी लिहितो. तोंडाने बोलू लागलो की मी तुझे वाक्य तोडतो.

तू दार उघडलेस तेव्हा माझ्याजवळ पाठ केलेली तीन वाक्ये होती. तू माझ्या बुटांकडे पाहिलेस.

“आलात?”

“आलो.”

“पाय पुसा. चिमीने आत्ताच फरशी पुसलीय.”

पाठ केलेली वाक्ये पायपुसण्यावरच राहिली.

दोन दिवस तू माझ्याशी ताट, टॉवेल आणि औषध यांखेरीज बोलली नाहीस. चिमी मात्र माझे बोट धरून सारे घर दाखवत फिरली. “आजोबा, हा तुमचा कप. आजी रोज काढते आणि रोज परत ठेवते. अॅक्चुअली मला वाटायचं ती विसरते.” मी तिला विचारले, “तू पत्रात हे सगळे का लिहायचीस?” ती म्हणाली, “आजी खोटं सांगायची म्हणून. ‘बरी आहे’ काय! मी बघते ना.” जावईबापूंना आपली भाषा येत नाही, मला त्यांची, आम्ही एकमेकांना लोणी पुढे करतो.

आणि आता मी जे सांगणार आहे, त्यासाठी हा कागद घेतला.

आज दुपारी चारच्या सुमारास मी इथे खाटेवर पडलो होतो. खिडकीत राखाडी उजेड. पलीकडून वाचनाचा आवाज येऊ लागला. मला वाटले, चिमी. मग कळले, तू आहेस. तू इंग्रजी वाचत होतीस! सावकाश, एकेक शब्द ओल्या दगडावर पाय ठेवावा तसा. चिमीचे पुस्तक असावे. नदी ओलांडू पाहणाऱ्या कुणा गाढवाची गोष्ट. एक वाक्य वाचायचे, मग ते आपल्या भाषेत स्वतःलाच सांगायचे. “गाढव अजून इकडच्याच काठाला आहे बरं का. आणि नदी एव्हाना भरत आलीय.”

म्हणजे मी धक्क्यावर शिकत होतो तेव्हा तू इथे शिकत होतीस. कोणी कोणाला सांगितले नाही.

एका शब्दाशी तू अडलीस. थांबलीस. ही थांबण्याची तुझी रीत मला ओळखीची आहे; त्या थांबण्यात तू कायम माझ्या आवाजाची वाट पाहिलीस, म्हणजे धास्तीने पाहिलीस. मी उशी तोंडावर घेतली. खरे सांगतो, तो शब्द मला येत होता. भिंतीला ऐकू जाईल इतके माझे ओठ हलत होते. तू दोनदा चुकीचा म्हटलास, तिसऱ्यांदा बरोबर म्हटलास, आणि गाढव पाण्यात उतरले.

त्यानंतरचे मला ठाऊक नाही, कारण मला झोप लागली. वाचन चालू असताना डुलकी घेणाऱ्यांना मी काय काय बोललो आहे, ते तू ऐकले आहेस. पण ती झोप फार गोड होती. कथेचा शेवट ठाऊक नसताना लागलेली माझी ती पहिलीच झोप.

एकच विचारतो, आणि दाराखालून सरकवतो. बोटी पुन्हा सुरू झाल्या की तू माझ्याबरोबर परत येशील का?

—

त्याच कागदाच्या पाठीवर

आठवण राहावी म्हणून तुझे उत्तर लिहून ठेवतो. तू ते लिहिले नाहीस, भिंतीतून बोललीस.

“बोटी बंद आहेत ना?”

“हो.”

“मग आत्ता कशाला विचारता? सुरू झाल्या की विचारा.”

“तेव्हा विचारले तर…”

“वाक्य तोडू नका. सुरू झाल्या की विचारा, आणि तोवर रोज चार वाजता इकडच्या खोलीत येऊन बसा. तिकडून घोरणं ऐकू येतं, चिमी हसते आणि माझी ओळ चुकते. काय?”

“बरे.”

“भात झालाय. या.”

—

शुद्ध नवमी, सकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर

दूध संपले आहे. आणायला जातो. तू चिमीला शाळेत सोडून येशील तोवर आलो नाही, तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाले नाही आणि मी पुलापलीकडे गेलो, असे समज. तुझा चष्मा खिडकीत सापडला, इथे ठेवला आहे. गॅस बंद केला आहे, दोनदा पाहिला.

काल तू जिथे थांबलीस, तिथे पुस्तकात खूण घातली आहे. पुढचे पान मी उलटलेले नाही.